रविवारची खोट

आमच्या ग्रुपात नुसतं ‘छान’ म्हणायला बंदी आहे. ‘छान’ म्हणायचं तर त्याच्या मागोमाग चित्रातली एक खोट सांगायची, असा नियम आहे, आणि तो माझ्या आग्रहामुळे झाला. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे घडलं त्यात माझा वाटा किती, ते कुणी शोधत बसायला नको.

ग्रुपाचं नाव ‘रविवारची रेघ’. व्हॉट्सॲपवर आहे. अकरा-बारा माणसं, सगळी हौशी. आठवड्यात काढलेलं एक चित्र रविवारी दिवे लागायच्या आत टाकायचं, एवढंच काम. सिडकोतल्या एका वाचनालयात काम करणाऱ्या करुणाताईंनी तो सुरू केला. एक गृहस्थ दर रविवारी दौलताबादचा किल्लाच काढायचे, वेगवेगळ्या बाजूंनी. एक बाई क्रोशाचे रुमाल विणून त्यांचे फोटो टाकायच्या, तेही आम्ही चालवून घेतलं. सुरुवातीला नुसती फुलं, अंगठे आणि टाळ्या. कुणाचं मांजर डुकरासारखं दिसलं तरी ‘अप्रतिम’. मी करुणाताईंना म्हणालो, अशानं जन्मात कुणी सुधारायचं नाही, अंगठे बघायला मी इथं आलेलो नाही. त्यांनी माझं ऐकलं.

माझं नाव अप्पाराव. राहायला बजाजनगर. वाळूजच्या एका कारखान्यात एकोणतीस वर्षं तपासणीला आहे. तयार झालेला प्रत्येक नग माझ्या टेबलावर येतो. माप बसलं तर पुढे जातो, नाही बसलं तर मी त्याला लाल चिठ्ठी लावतो आणि चूक ठळक अक्षरात लिहितो. मग तो परत जातो, घासून-पुसून सरळ होतो आणि पुन्हा माझ्याकडे येतो. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाची नजर तशीच होते. चित्रं काढायला लागलो तीसुद्धा पट्टी आणि कर्कटक घेऊनच. माझी बायको सुरेखा म्हणते, “तुम्ही जास्वंद काढली तरी तिला नटबोल्ट लावाल.”

ग्रुपात चित्र आलं की मी त्याचा फोटो मोबाइलमध्ये उघडायचो, चुकीच्या जागी बोटानं लाल गोल करायचो, खाली लाल अक्षरात चूक लिहायचो आणि परत पाठवायचो. लाल केलेला फोटो ‘तपासलेली’ नावाच्या फोल्डरमध्ये तारखेवार जपून ठेवायचो. मूळ फोटो ठेवत नसे. नापास नग कोण जपून ठेवतो? लोक मला ‘इन्स्पेक्टर’ म्हणायला लागले. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

गेल्या दसऱ्यानंतरच्या रविवारी करुणाताईंनी मुकुंदवाडीच्या सरूबाईंना ग्रुपात घेतलं. त्या वाचनालयात नातीसाठी पुस्तकं न्यायला यायच्या, तिथली ओळख. वय साठीच्या आसपास. नातीच्या चित्रकलेच्या वहीत पेन्सिलीनं चित्र काढायच्या. त्यांचं पहिलं चित्र आलं ते खाटेवर बसलेल्या एका म्हाताऱ्याचं. पाठीशी उशी, खांद्यावर टॉवेल, पाय खाली सोडलेले.

चेहरा बघितला आणि माझं बोट लाल रंगाकडे गेलंच. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला. त्याच बाजूचा डोळा बारीक, भुवई उतरलेली, खांदा उतरलेला. दुसरी बाजू अगदी व्यवस्थित. मी तोंडावर, डोळ्यावर, भुवईवर आणि खांद्यावर असे चार गोल केले, चांगले जाड. खाली म्हाताऱ्याच्या पायांवरून लिहिलं, ‘चेहरा वाकडा आहे. सरळ करा.’ आणि वेगळा मेसेज टाकला, ‘छान. कपाळापासून हनुवटीपर्यंत मधोमध उभी रेघ मारून घ्या. दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत. नवीन कागद घेऊ नका, हेच खोडून दुरुस्त करा, म्हणजे हात सुधारतो.’

त्या चित्रात खाटेच्या सुतळीचा एक वेढाही चुकलेला नव्हता. पायाची बोटं, त्यातल्या अंगठ्याचं जाड झालेलं नख, टॉवेलची किनार, सगळं जागच्या जागी होतं. ज्या हातानं सुतळी चुकली नाही, त्याच हातानं अर्धा चेहरा कसा चुकेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

सरूबाईंचं उत्तर आलं, ‘हो सर. करते.’

पुढच्या रविवारी तोच कागद, खोडून काळवंडलेला. तोंड थोडं वर आलं होतं. मी डोळ्याला लाल गोल केला. त्याच्या पुढच्या रविवारी डोळा उघडला, मी भुवई दाखवली. मग खांदा. पाचव्या रविवारी खाटेवर एक सरळ, देखणा माणूस बसलेला होता. मी ग्रुपात आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, ‘खोट नाही. पास.’ त्यावर टाळ्यांचा पाऊस पडला. किल्लेवाल्या गृहस्थांनी तर लिहिलं की इन्स्पेक्टरनी माणूस घडवला. सरूबाईंनी ‘धन्यवाद सर’ एवढंच लिहिलं आणि त्यानंतर त्यांचं चित्र आलंच नाही.

दोन-तीन रविवार वाट पाहिली. मग सुरेखाला म्हणालो, “बघ, शिकवून तयार केलं आणि बाई गायब. गरज सरो, वैद्य मरो.”

सुरेखा कणीक मळत होती. ती म्हणाली, “फोन करून विचारा की, बरं आहे का.”

मी नाही विचारलं. इन्स्पेक्टरनं नगाच्या घरी फोन करायचा नसतो, असं काहीतरी मी तेव्हा म्हणालो, आणि स्वतःच हसलो.

महाशिवरात्र झाली आणि करुणाताईंचा फोन आला. सरूबाईंना त्यांचं पहिलं चित्र हवं होतं. कागदावर ते उरलेलं नव्हतं, तोच कागद खोडून पुढची चित्रं झाली होती. त्यांनी फोटो ग्रुप उघडून तिथूनच काढला आणि पाठवला होता, त्यामुळे मोबाइलमध्ये तो वेगळा राहिला नव्हता. आणि सगळ्यांचे मोबाइल भरतात म्हणून करुणाताईंनीच ग्रुपात अशी सोय करून ठेवली होती की नव्वद दिवसांनी जुनं सगळं आपोआप पुसलं जावं. त्यांचं एकेकाला विचारून झालं होतं. कुणाकडेच ते चित्र नव्हतं.

“माझ्याकडे आहे,” मी म्हणालो. आवाजात तोरा होता, मला आठवतंय. “म्हणूनच सांगत असतो, नोंद ठेवावी.”

“रविवारी त्यांना घेऊन येते,” करुणाताई म्हणाल्या. “फोनवर नको.”

रविवारी दोघी आल्या. सरूबाई लहानखुऱ्या, हातात कापडी पिशवी. मी खुर्ची पुढे केली आणि चित्राबद्दल बोलायला लागलो. सुरेखानं मात्र आधी त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. ती पाणी घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसली, तेव्हा मला कळलं.

“कधी?” तिनं विचारलं.

“संक्रांतीच्या चार दिस आधी,” सरूबाई म्हणाल्या. “झोपीतच गेले.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. रडल्या नाहीत.

“आमचे मालक, पुंजाराम. एसटीत कंडक्टर होते. दिवसभर बोलायचं काम. अन् दुखणं आलं ते बी बोलण्यावरच. चित्र काढलं त्याच्या आधल्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिशी झटका आला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. दोन-तीन शब्द तेवढे निघायचे. लई कोशीस केली डॉक्टरायनी. हाताला थोडी जान आली, तोंड तसंच ऱ्हायलं.”

त्या पुढे बोलतच होत्या.

“फोटो काढू देत नव्हते. कुनी मोबाइल वर केला की टॉवेल तोंडावर. नातीच्या वाढदिसाला बी टॉवेल. पर म्या वही घेऊन समोर बसले, तर काय म्हनले नाय. बसू दिलं. तीन दिस लागले मला. झालं अन् त्यायला दाखिवलं. लई येळ बघितलं त्यायनी. मग बोट ठिवलं चित्रातल्या तोंडावर, अन् तेच बोट स्वताच्या तोंडावर. अन् म्हनले, ‘मी.’ अन् हासले, सर. झटका आल्यापासून पयल्यांदा हासले.”

करुणाताई खिडकीकडे बघत होत्या.

“मग तुमचं लाल आलं,” सरूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

“तुम्ही सांगायचं होतं ना मला,” मी म्हणालो. “एक शब्द लिहिला असता तर…”

“तुमी इचारलं नाय, ते असेच हायेत का म्हनून. खोट म्हनले. मला वाटलं, जानत्या मान्साला कळतंय.” त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “अन् समदा दोष तुमाला देत नाय मी. मला बी वाटलं, कागदावर तरी सरळ होऊ द्या त्यायला. तोंड वर आलं तर मला बी बरं वाटलं. लगनातले दिसाया लागले होते.”

“मग?” सुरेखानं विचारलं.

“तुमी पास केलं त्या दिशी नेऊन दाखिवलं. बघितलं अन् म्हनले, ‘कोन?’ म्या म्हनलं, तुमीच की. मान हालवली. पुन्ना बोट लावलं, ‘कोन?’ म्या हासून नेलं. पर दुसऱ्या दिसापासून म्या वही काढली की तोंड भिताडाकडं करायचे. वाकडी बाजू भिताडाकडं. आधी लोकायपासून लपवायचे, मग माझ्यापासून बी लपवाया लागले. जेवताना बी. त्यायला वाटलं, हिला बी माव्हं हे तोंड नको झालं.”

खाली पाण्याच्या जारवाला गाडी लावून हाका मारत होता.

“शेवटाला बी तिकडंच तोंड होतं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून तो कागद काढला, मी पास केलेला. खोडून खोडून तो तोंडापाशी इतका पातळ झाला होता की मागचं बोट दिसायचं. मी तो उजेडाकडे तिरपा धरला. जुन्या रेघेचा काही वण राहिला असेल तर मिळावा म्हणून खालून-वरून बघितलं. काही नव्हतं. मी सांगितल्याप्रमाणे काम चोख झालं होतं.

“भिताडाला आधार कार्डावरला फोटो मोठा करून लावलाय,” सरूबाई म्हणाल्या. “तो बी कोन हाय असं वाटतं. ज्याला ते ‘मी’ म्हनले, ते पाह्यजे मला. तेवढंच.”

मी मोबाइलमध्ये ‘तपासलेली’ उघडलं आणि ते चित्र काढून त्यांच्या हातात दिलं. खाटेवर पुंजाराम बसलेले. चेहऱ्या-खांद्यावर चार जाड लाल गोल आणि पायांवरून माझं अक्षर. तोंडाचा ओघळलेला कोपरा नेमका गोलाच्या जाड रेघेखाली गेला होता. सरूबाईंनी डोळ्यांपाशी नेऊन बघितलं. मग अंगठ्याला पदर गुंडाळला आणि काचेवर घासायला लागल्या.

“हे लाल निघंल का, सर?” त्यांनी विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, निघत नाही. मग घाईघाईनं म्हणालो, “मी काढून देतो. हुबेहूब. आठ दिवस द्या. घरी आणून देतो.”

त्या आठ दिवसांत मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. आधी फोटो टीव्ही सेंटरजवळच्या एका स्टुडिओत नेला. तिथल्या मुलीनं संगणकावर एका झटक्यात लाल पुसलं आणि म्हणाली, “काका, झालं.” लाल गेलं होतं खरं. पण संगणकानं त्या जागी आपल्या मनचं तोंड बसवलं होतं, दोन्ही बाजूंनी सारखं, निरोगी. मी म्हणालो, असं नव्हतं ते. ती म्हणाली, “यापेक्षा वाकडं कशाला हवंय?” चार महिन्यांपूर्वी मी याहून वेगळं काय म्हणालो होतो?

मग स्वतः बसलो. कर्कटकानं एकेक अंतर मोजलं. खाट आली, सुतळी आली, टॉवेल आला. चेहऱ्याशी आलो की गोलाखाली काय होतं ते अंदाजानं काढायचं. काढलं. खोडलं. पुन्हा काढलं. कारखान्यातून आलो की जेवण होईपर्यंत तेच. डोळा बारीक केला की तो डोळा मारल्यासारखा दिसे. तोंड खाली ओढलं की माणूस कुणावर तरी चिडलेला वाटे. सरूबाईंच्या चित्रात तो चिडलेला नव्हता. तो समोर बसलेल्या बाईकडे बघत होता, आणि त्या बाईनं आपल्याला बघितलेलं त्याला चालत होतं. हे मी तिच्या चित्रात पहिल्यांदा बघत होतो, चार लाल गोलांच्या मधल्या फटीतून.

शनिवारी एक कागद जमला असं मला वाटलं. सुरेखाला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “त्यांना विचारा.”

रविवारी सकाळी मी शहर बस बदलून मुकुंदवाडीला गेलो. जाताना लाल चित्राची मोठी प्रत काढून सोबत घेतली, का ते माहीत नाही. नोंद सोबत असावी ही सवय म्हणा. रेल्वे स्टेशनच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. दारातून आत गेलो आणि समोरच खाट. मी ती लगेच ओळखली. सुतळीचा प्रत्येक वेढा मला पाठ होता. भिंतीशी जिथं उशी टेकायची तिथं तेलाचा डाग होता.

सरूबाईंनी माझं चित्र दोन्ही हातांनी घेतलं आणि दारातल्या उजेडात नेलं. मी उभाच राहिलो. परीक्षेच्या निकालालाही कधी घाबरलो नसेन इतका घाबरलो होतो.

“छान हाय, सर,” त्या म्हणाल्या.

पुढे काही बोलेनात. मी म्हणालो, “नियम आहे आपला. नुसतं छान चालत नाही. खोट सांगा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सांगावं की नाही, असा विचार करत होत्या. माझं मन दुखवायला त्यांना नको होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं आणि त्याचीच जास्त लाज वाटत होती.

“तोंड सरळ आलंय,” त्या म्हणाल्या.

मी कागद परत घेतला. पुष्कळ बोलायचं ठरवून आलो होतो. “चुकलो मी, ताई,” एवढंच निघालं.

“हातच तसा बसलाय तुमचा,” त्या म्हणाल्या. “ते लालवालं आनलंय का?”

मी पिशवीतून प्रत काढून दिली. त्या ती घेऊन खाटेवर बसल्या आणि त्यांनी ती मांडीवर पसरली. लाल गोलांवर त्यांचं बोट फिरलं नाही. ते गोलाच्या आत गेलं, ओघळलेल्या गालावर, आणि तिथं थांबलं.

“हे द्या मला. ह्याच्याखाली हायेत ते.”

मी म्हणालो, निदान खालचं लिहिलेलं कापून देतो, ते राहू देऊ नका. खिशातून घडीची कात्रीसुद्धा काढली. त्यांनी पुंजारामच्या पायांवरून गेलेल्या माझ्या ओळीकडे बघितलं, अंगठ्याच्या जाड नखाकडे बघितलं आणि मान हलवली.

“नको. पाय जातील त्यायचे.”

भिंतीवरची तसबीर त्यांनी मलाच उतरवायला लावली. मागचे खिळे मी काढले. आधार कार्डावरचा फोटो बाहेर आला, चित्राची प्रत आत गेली, काच पुसून मी तसबीर पुन्हा खाटेच्या वर टांगली आणि सवयीनं सरळ केली. सरूबाईंनी हार घातला. मग खाटेवर बसून त्या वर बघत राहिल्या, आणि त्या घरात मी आल्यापासून पहिल्यांदा रडल्या.

मी चपला घालून निघालो. उंबऱ्यातून एकदा मागे वळून बघितलं. हाराच्या खाली, पायांवर, ‘चेहरा वाकडा आहे. सरळ करा.’ माझं अक्षर ठळक आहे. दारातूनही वाचता येतं.